फाइल घराबाहेर पडते तेव्हा

स्लाइडवर प्रश्न येतो, ‘तळ्यातले पाणी उन्हाळ्यात कुठे जाते?’ वर्ग विचार करतो, चार-दोन हात वर होतात, एखादे उत्तर चुकते, हशा होतो. मग शिक्षक माउसचे बटण दाबतात आणि प्रश्नाखाली उत्तर उमटते. पुढच्या स्लाइडवर आधी सूर्य, मग वाफ, मग ढग आणि शेवटी पाऊस. शाळेच्या संगणकावर हे सगळे ठरल्या क्रमाने होते.

संध्याकाळी तीच फाइल पीडीएफ करून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते, कारण पीडीएफ कुठल्याही मोबाइलवर उघडते. घरी मूल पान उघडते, तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकदम समोर. जलचक्राच्या पानावर सूर्य, वाफ, ढग, पाऊस आणि सगळे बाण एकमेकांवर चढलेले. अम्मी विचारते, ‘यातलं आधी काय होतं?’ पोराला सांगता येत नाही, कारण पानावर ‘आधी’ नावाची गोष्टच उरलेली नाही.

या महिन्याचा विषय हाच आहे. माझी एक माजी विद्यार्थिनी, सध्या संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिने हा दोष दुरुस्त करण्याची योजना लिहिली आहे. तिचे नाव मी देत नाही. निकाल लागेपर्यंत तिलाच ते नको आहे.

आधी दोष नेमका कुठला ते पाहू. ज्या सॉफ्टवेअरबद्दल मी बोलते आहे ते म्हणजे लिबरऑफिस, आणि त्यातला स्लाइड बनवण्याचा भाग, इम्प्रेस. याची वंशावळ मजेशीर आहे. जर्मनीतल्या एका कंपनीचे स्टारऑफिस १९९९मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले, पुढच्या वर्षी त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला आणि त्यातून ओपनऑफिस झाले. २०१०मध्ये त्याच्यावर काम करणाऱ्या अनेकांनी वेगळी चूल मांडली, तीच लिबरऑफिस. आज ती बर्लिनमध्ये नोंदलेल्या ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ या संस्थेच्या छायेत चालते. पैसे लागत नाहीत, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आतला कोड कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर कित्येक वर्षे वापरात आहे. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिबरऑफिसचे धडे मराठीतही दिले आहेत. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी तिथून सुरुवात करावी.

इम्प्रेसच्या फाइलचा शेवट ओडीपी असा असतो. ही फाइल म्हणजे खरे तर एक झिप गठ्ठा आहे. फाइलची एक प्रत करा, नावाचा शेवट बदलून झिप करा आणि उघडा. आत चित्रांची पेटी दिसेल आणि ‘कंटेंट’ नावाची मजकुराची फाइल दिसेल. स्लाइडवर काय लिहिले आहे ते त्यात असतेच, पण कधी काय दिसायचे हेही शब्दांत लिहिलेले असते: हे एकामागून एक, हे दोन एकाच वेळी, हे बटण दाबल्यावर, हे आधीचे संपल्यावर. ही लिहिण्याची पद्धत ‘स्माइल’ नावाच्या मानकातून आली आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ते १९९८मध्ये मंजूर केले होते.

म्हणजे अ‍ॅनिमेशन हे चित्र नव्हे, ती सूचना आहे. नाटकाच्या संहितेत कंसात लिहितात ना, ‘रामू डावीकडून प्रवेश करतो’, तशी. एक्स्पोर्ट करणे म्हणजे ही संहिता दुसऱ्या मंडळीच्या हाती देणे. त्यांचा रंगमंच वेगळा असतो. पॉवरपॉइंटला अशाच सूचना समजतात, पण त्याची लिहिण्याची तऱ्हा वेगळी, परिणामांची यादीही वेगळी, त्यामुळे एकेक सूचना जुळवून घ्यावी लागते आणि जिथे जोडी मिळत नाही तिथे काहीतरी गळते. एसव्हीजी या स्वरूपात इम्प्रेस संपूर्ण सादरीकरण एकाच फाइलीत बांधून देते, सोबत जावास्क्रिप्टचा एक छोटा चालक घालते, आणि ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की स्लाइड हलू लागतात. छान सोय आहे, फक्त ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर किती पालक ती उघडू शकतील हे मला विचारू नका. एके काळी फ्लॅशमध्ये एक्स्पोर्ट करता येई. फ्लॅशच ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले, तो रस्ता मिटला.

राहिली पीडीएफ. पीडीएफ हे मुळात छापील पान. इम्प्रेसच्या पीडीएफ खिडकीत एक खूण आहे, ती केली तर एका स्लाइडवरून दुसरीवर जाण्याचे परिणाम पीडीएफमध्ये उतरतात. पण स्लाइडच्या आत जे एकेक करून उमटते ते उतरत नाही. सगळ्या वस्तू शेवटी पानावर असतात म्हणून सगळ्या एकदम छापल्या जातात. यावर एक जुना उपाय लोक हाताने करतात: एकाच स्लाइडच्या चार प्रती, पहिलीत नुसता प्रश्न, दुसरीत उत्तर, आणि असेच पुढे. हे आपोआप करणारी एक जोडणीही मिळते, पण ती वेगळी शोधून बसवावी लागते. गणित-विज्ञानवाले ज्या लाटेकमध्ये लिहितात, त्यातल्या बीमरमध्ये तर हीच रीत पहिल्यापासून आहे. प्रत्येक टप्प्याचे वेगळे पान होते.

या मुलीचे म्हणणे साधे आहे. ही सोय इम्प्रेसच्या पोटातच असावी. पीडीएफच्या खिडकीत लपवलेली पाने घ्यायची का, अशी खूण आधीच आहे. तिच्या शेजारी आणखी एक असावी, ‘प्रत्येक टप्प्याचे वेगळे पान करा’. बस.

पहिल्यांदा तिने माझ्याकडे आणलेली योजना मात्र अशी नव्हती. तिच्यात पीडीएफ होते, पॉवरपॉइंट होते, एसव्हीजी होते, व्हिडिओही होता, आणि ‘सर्व एक्स्पोर्ट सुधारणे’ असे शीर्षक होते. कोडमधले मला कळत नाही, ती वाक्ये तपासायला आली होती. मी तिला एवढेच विचारले की ऑगस्ट संपेल तेव्हा काम झाले की नाही हे मी, म्हणजे ज्याला कोड येत नाही असा माणूस, कसे ओळखणार? ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा चारातले तीन विषय गेले होते आणि उरलेल्या एकाखाली सतरा प्रश्न होते.

ते सतरा प्रश्न हीच खरी योजना आहे, असे मला वाटते. सगळे इथे देता येणार नाहीत, पण काही पाहा.

टप्पा कशाला म्हणायचे? इम्प्रेसमध्ये एखादी वस्तू तीन प्रकारे सुरू होते: क्लिक केल्यावर, आधीच्यासोबत, किंवा आधीचे संपल्यावर. तिने ठरवले की नवे पान फक्त क्लिकला. ढगासोबत वीज आपोआप चमकत असेल तर दोघांचे एकच पान. एखादी वस्तू स्लाइडवर सरकत जात असेल, तर पानावर ती पोचलेल्या जागी दाखवायची. आलेली वस्तू पुढच्या क्लिकला निघून जात असेल, तर पुढच्या पानावर ती नसली पाहिजे. आजच्या पीडीएफचा सगळ्यात मोठा त्रास हाच आहे: जाणारी वस्तू आणि तिच्या जागी येणारी वस्तू एकमेकींवर छापल्या जातात.

पान क्रमांकाचे काय? पाचव्या स्लाइडची चार पाने झाली तर खाली पाच, सहा, सात, आठ छापायचे का? नाही, चारही पानांवर पाचच. कारण वर्गात आपण ‘पाचवी स्लाइड काढा’ असे म्हणतो. एका स्लाइडवरून दुसरीवर नेणारी लिंक असेल, तर ती त्या स्लाइडच्या पहिल्या टप्प्यावर नेणार, नाहीतर उत्तर पुन्हा आधी दिसेल.

कागदाचा प्रश्न तिच्या लक्षात आला तेव्हा मला विशेष बरे वाटले. वीस स्लाइड असतील आणि प्रत्येकीवर चार क्लिक, तर पाने होतात शंभर. कुणी न पाहता छापखान्यात किंवा झेरॉक्सवाल्याकडे दिली तर? म्हणून ही खूण आपणहून केलेली नसेल, वापरणाऱ्याने मुद्दाम करायची.

आणि एक प्रश्न असा, जो माझ्या डोक्यात कधीच आला नसता. अंध व्यक्ती पीडीएफ वाचते ती संगणकाच्या आवाजातून. लिबरऑफिस त्यासाठी आतून खुणा घातलेली पीडीएफ बनवू शकते. आता एकाच स्लाइडची चार पाने झाली, तर ऐकणाऱ्याला पहिले वाक्य चार वेळा, दुसरे तीन वेळा ऐकावे लागेल. डोळस माणसाची सोय झाली आणि त्याची गैरसोय. तिने लिहिले आहे की पुढच्या पानांवर फक्त नवी आलेली वस्तू वाचली जावी असा प्रयत्न करीन. जमले नाही तर तसे सहाय्य-पानावर स्पष्ट लिहीन. ‘जमले नाही तर’ हे तीन शब्द काढून टाक, असे तिला तिच्या कॉलेजातल्या कुणीतरी सांगितले. मी म्हटले, काढू नकोस. ते वाचून मार्गदर्शकाला कळेल की या मुलीने अडचण कुठे आहे ते शोधले आहे.

आता आपल्या भाषांचे. चाचणीसाठी स्लाइडचा नमुना लागतो, तो मी करून देते आहे. एक स्लाइड मराठी, ज्यात जोडाक्षरे भरपूर. एक उर्दू, नस्तालीकमध्ये. एकीत दोन्ही, डावीकडे मराठी शब्द आणि उजवीकडे त्याचा उर्दू अर्थ. इंग्रजीत अक्षर म्हणजे अक्षर, एकेक करून आणले तरी बिघडत नाही. ‘क्षत्रिय’ शब्द तुकड्यांनी आणून बघा. किंवा उर्दूत ‘मुहब्बत’ लिहा आणि एकेक अक्षर सुटे करा. जोडून लिहिताना अक्षराचा जो आकार होतो तो सुट्यात नसतो, शब्द ओळखू येत नाही. ‘पुसून आणणे’ हा परिणाम मराठीला डावीकडून हवा, उर्दूला उजवीकडून. पीडीएफच्या पानावर हालचाल नसते, त्यामुळे यातल्या काही अडचणी आपोआप टळतात, पण अर्धे वाक्य एका क्लिकला आणि अर्धे दुसऱ्याला असेल तर पहिल्या पानावर अर्धे वाक्य योग्य बाजूला आणि योग्य जागी उभे राहते का, हे पाहावेच लागेल.

अक्षरांची ही जुळणी लिबरऑफिसमध्ये कोण करते ठाऊक आहे? ‘हर्फबझ’ नावाची एक संगणकीय व्यवस्था, जी २०१७च्या ५.३ आवृत्तीपासून त्यात सर्व प्रकारच्या संगणकांवर वापरली जाते. उर्दू वाचणाऱ्यांनी नाव पुन्हा उच्चारून पाहावे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज़ म्हणजे फारसीत उघडे, खुले. ‘ओपनटाइप’ या फाँटच्या पद्धतीचे हे सरळ फारसी केलेले नाव आहे. जगभरच्या फोन आणि ब्राउझरांमध्ये हीच व्यवस्था आपली देवनागरी आणि आपली उर्दू जुळवते. मी वर्गात हे सांगितले तेव्हा मुलांना आधी खोटे वाटले.

ही योजना जाते कुठे? गूगल २००५ पासून दर वर्षी ‘समर ऑफ कोड’ नावाचा उपक्रम चालवते. ओपन सोर्स संस्था कामे सुचवतात, नवी मुले योजना लिहितात, निवड झाली तर संस्थेतला अनुभवी मार्गदर्शक मिळतो आणि काही महिने घरी बसून काम करायचे. पूर्वी फक्त विद्यार्थ्यांसाठी होते. २०२२पासून अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, या क्षेत्रात नवख्या कुणालाही अर्ज करता येतो. काम मध्यम असेल तर साधारण १७५ तासांचे, मोठे असेल तर ३५०. तिने १७५ तासांचे निवडले, म्हणजे बारा आठवडे धरले तर आठवड्याला सुमारे पंधरा तास. मानधन देशानुसार ठरते आणि मध्यावरची व शेवटची तपासणी पार केल्यावर मिळते. अर्जाला एक पैसाही लागत नाही. ‘आम्ही निवड करून देतो, फी भरा’ असे कुणी म्हणाले तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तिच्या घरी या सगळ्याची चर्चा झाली, त्या चर्चेत मीही बसले होते. अब्बांचे शिलाईचे दुकान आहे. त्यांचा पहिला प्रश्न, ‘मॅडम, गूगलवाले नोकरी देणार का?’

‘नाही. आणि निवड होईलच असंही नाही.’

‘मग सुट्टीभर लॅपटॉपसमोर बसून पोरीला मिळणार काय?’

प्रश्न रास्त होता आणि मी तो टाळला नाही. लाखो ओळींच्या दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमध्ये आपली जागा शोधायची, लिहिलेले अनोळखी जाणकारांपुढे ठेवायचे, त्यांनी परत पाठवले की नीट करून पुन्हा द्यायचे, हे कॉलेजात होत नाही. मंजूर झालेला बदल तिच्या नावासह सार्वजनिक नोंदीत कायम राहतो. पुढे कुणी काम विचारले तर दाखवायला प्रमाणपत्रापेक्षा ते जड आहे. आणि निवड झाली नाही तरी अर्जाआधी जी छोटी कामे केली ती कुणी काढून घेत नाही. अम्मीची काळजी वेगळी होती. परदेशातल्या माणसाशी रात्री-बेरात्री बोलणे चालणार का? त्यावर मुलीनेच समजावले की बहुतेक बोलणे लिहून आणि सर्वांसमोर होते, आणि आठवड्याची एक बैठक संध्याकाळी मागता येते. आपल्याकडे संध्याकाळ असते तेव्हा जर्मनीत दुपार असते.

अब्बांनी मग योजना वाचायला मागितली. इंग्रजीत होती, तिने भाषांतर करून सांगितली. सतरा प्रश्न ऐकून झाल्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे माप घेऊन झालंय, कापड कापायचं राहिलंय.’ मग त्यांनी स्वतःहून एक गोष्ट जोडायला लावली. जूनमध्ये तिच्या भावाचे लग्न आहे. ‘तो आठवडा काम होणार नाही, तसं लिही. गिऱ्हाइकाला तारीख देताना सण धरूनच द्यायची.’ आता वेळापत्रकात तो आठवडा मोकळा आहे, ईदचे दोन दिवस मोकळे आहेत, आणि विद्यापीठाच्या परीक्षेचे दिवसही. बारा आठवड्यांत कधीच सुट्टी न घेणाऱ्या उमेदवारावर मार्गदर्शक विश्वास ठेवत असतील असे मला तरी वाटत नाही. आजकाल यंत्राकडून लिहून घेतलेल्या योजना पुष्कळ येतात म्हणे. त्यांत भावाचे लग्न नसते.

सध्या ती कुठवर आली आहे? लिबरऑफिसमध्ये नवख्यांसाठी सोप्या कामांची यादी असते, ‘ईझी हॅक्स’ म्हणतात. योजना पाठवण्याआधी त्यातली एक-दोन करून दाखवावी, म्हणजे माणूस कोड उभा करू शकतो एवढे तरी संस्थेला कळते. तिच्या जुन्या लॅपटॉपवर संपूर्ण लिबरऑफिस पहिल्यांदा बांधायला एक रात्र आणि अर्धा दिवस गेला. पंख्याच्या आवाजाने लहान भाऊ दुसऱ्या खोलीत झोपायला गेला. पहिली दुरुस्ती तिने पाठवली, ती तपासणाऱ्याने पाच शेऱ्यांसह परत केली. तिला वाईट वाटले होते. मी शेरे वाचायला सांगितले. चार शेरे मांडणीचे होते, एक खरा होता: रिकामी स्लाइड आली तर तुझा कोड काय करेल? दुसऱ्यांदा पाठवली ती स्वीकारली गेली. अर्ज गेला आहे. निकाल मेमध्ये.

मला मात्र निकालाची वाट न पाहता एक काम पूर्ण करायचे आहे, आणि त्यासाठी वाचकांची मदत हवी. माझ्याकडचे नमुने माझ्याच सवयीचे आहेत. तुमच्यापैकी जे शिकवतात, किंवा ज्यांच्या घरी कुणी इम्प्रेसमध्ये स्लाइड बनवते, त्यांनी मराठी, उर्दू किंवा दोन्ही भाषांतल्या, टप्प्याटप्प्याने उमटणाऱ्या दोन-तीन स्लाइड मासिकाच्या पत्त्यावर पाठवाव्यात. ओडीपी फाइलच पाठवा, तिचा फोटो नको. मुलांची नावे आणि चेहरे काढून टाका. पाठ्यपुस्तकातली चित्रे उचलून घातली असतील तर तीही काढा, कारण चाचणीचे नमुने सार्वजनिक कोडसोबत ठेवले जातात आणि दुसऱ्याच्या मालकीचे चित्र तिथे चालत नाही. तुम्ही स्वतः काढलेला वेडावाकडा ढगसुद्धा चालेल. सोबत एका ओळीत लिहा की कोणत्या क्लिकला काय दिसायला हवे.